कोरिंगाच्या खाडीत नेमकं काय बघायचं? नागपूरहून निघणाऱ्यांसाठी

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची पोट्टेपोट्टी घेऊन डिसेंबरात आंध्रातल्या कोरिंगा अभयारण्यात निघाला आहात. सगळी नागपूरची. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला त्यांना पाठ आहे, पण खाडी एकानेही पाहिलेली नाही. तिथे अधिवास कोणकोणते, ते ओळखायचे कसे, आणि खारफुटीला खारं पाणी लागतं म्हणतात, तर जितकं खारं तितकं जंगल चांगलं असं समजायचं का, हे तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की आधीचे दोन अर्धे सुटतात. जितकं खारं तितकं चांगलं, हे खरं नाही. खारफुटी मीठ सोसते. मिठाची तिला हौस नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. रोपवाटिकेत तिवराची, म्हणजे इथल्या मुख्य खारफुटी झाडाची, रोपं नुसत्या समुद्राच्या पाण्यावर ठेवली तर ती कशीबशी वाढतात, आणि निम्म्याहून जास्त गोडं पाणी मिसळलं की जोमाने वर येतात. मग ही झाडं नदीकाठी आत आत, थेट गोड्या पाण्यापर्यंत का पसरत नाहीत? कारण तिथे बाकीची झाडं, वेली आणि गवत त्यांना जागा ठेवत नाहीत. मीठ हे त्यांचं कुंपण आहे. कुंपणाच्या आत दुसरं कोणी टिकत नाही म्हणून ती तिथे आहेत. पण हेच मीठ एका हद्दीपुढे गेलं की तिवरही मरतं. त्याचा दाखला कोरिंगातच बघायला मिळतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

तेव्हा मुलांच्या हातात झाडापक्ष्यांची यादी देण्याआधी दोन प्रश्न द्या. पाय ठेवला आहे त्या जागेवर दिवसातून किती वेळ पाणी असतं, आणि ते कितपत खारट असतं? मेळघाटात चढण चढताना जंगल बदलायला शेकडो मीटर उंची लागते. इथे वीतभर उंचीने अधिवास बदलतो. कोरिंगाजवळ भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही, दीड मीटरच्या आसपास असतो. मुंबईला तो चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. म्हणजे चिखलाच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यापासून सगळ्यात वरच्या, महिन्यातून दोनदाच भिजणाऱ्या पट्ट्यापर्यंतचं सगळं जग इथे माणसाच्या उंचीपेक्षा कमी चढात बसवलेलं आहे. डोळ्याला ते सपाट मैदान वाटतं, आणि पहिल्यांदा जाणारे सगळे तिथेच फसतात.

आता यातलं गोडं पाणी कुठून येतं ते सांगतो, कारण त्याचा तुमच्या घराशी संबंध आहे. नाग नदी लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीतून शहरात शिरते, पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत जाते. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला भेटली की दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. पुढे भद्राचलम, पापिकोंडलूचे डोंगर, पोलावरम, आणि मग धवळेश्वरम. तिथून गोदावरीला फाटे फुटतात. त्यातला गौतमी फाटा यानमवरून समुद्राला जातो, आणि गौतमीतून निघणारे कोरिंगा आणि गाडेरू हे छोटे प्रवाह अभयारण्यातून वाट काढत काकीनाड्याच्या उपसागरात उतरतात.

आपल्या मनातली गोदावरी म्हणजे त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण. पण जायकवाडीने आणि त्याच्या वरखालच्या धरणांनी अडवलेल्या त्या गोदावरीतलं फार थोडं पाणी खाडीपर्यंत पोचतं. गोदावरीच्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या प्राणहितेचा आहे. त्यात इंद्रावती आणि शबरीचं पाणी मिळवलं की पावसाळ्यात खाडी भरणारं बहुतेक पाणी विदर्भ, छत्तीसगड, बस्तर या बाजूचं. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी ओसंडला आणि निम्मं नागपूर पाण्यात गेलं, ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात मिसळून शेवटी याच दिशेने गेलं. नाग नदीतलं बाकी जे काही आपण रोज सोडतो, तेही त्याच वाटेने जातं. मुलांना हे सांगाच. नकाशावर बोट ठेवून रेघ ओढायला लावा, भाषणाची गरज नाही.

या गोड्या पाण्याला ऋतू आहे. जुलै ते ऑक्टोबर पूर येतात तेव्हा गौतमीच्या मुखापर्यंत पाणी गोडं आणि लालसर असतं, समुद्र बाहेर ढकलला जातो. पाऊस संपला की धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावर पाणी अडतं आणि कालव्यांतून भातशेतीकडे वळतं. हा बंधारा सर आर्थर कॉटनने बांधला, 1852 मध्ये पूर्ण झाला. आजचा बंधारा नंतरचा आहे. खाली सुटणारं पाणी आटलं की भरती आत सरकायला लागते, आणि एप्रिल-मे मध्ये यानमच्याही वर पाणी मचूळ लागतं. त्यामुळे कोरिंगाची खाडी वर्षातून एकदा जवळपास नदी असते आणि एकदा जवळपास समुद्र. तिथला प्रत्येक जीव या दोन्ही टोकांना टिकलेला आहे. डिसेंबर हा मधला महिना, आणि तुमच्यासाठी हेच उत्तम. वरचं पाणी तेव्हा काहीसं गोडसर आणि तळाशी खारट सापडू शकतं, कारण खारं पाणी जड असतं आणि ते तळाने पाचरीसारखं आत घुसतं. एका बाटलीला दगड बांधून, बुचाला दोरी लावून तळाचं पाणी काढायला लावा आणि वरच्या पाण्याशी मोजून बघायला सांगा. कॉलेजात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं उपकरण, असेल तर तो नक्की घ्या.

खाडीच्या पुराचं वेड माणसांनाही आहे. पुलस, म्हणजे समुद्रातून गोदावरीत चढणारा हिलसा, याच लाल पाण्याच्या वासावर वर येतो आणि यानमपासून राजमहेंद्रीपर्यंत त्याची वाट बघितली जाते. मंगळसूत्र विकावं पण पुलस खावा, अशी तेलुगूत म्हणच आहे. धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापुढे मात्र त्याची वाट अडते. तुम्ही जाल तेव्हा हंगाम संपलेला असेल. तेव्हा खानावळीत कोणी पुलस म्हणून काही वाढलं तर तो दुसरीकडचा हिलसा आहे, एवढं समजून खा.

आता समुद्राकडून जमिनीकडे येऊ.

सगळ्यात बाहेर होप आयलंड. बेट म्हणतात, पण ती वाळूची लांब जीभ आहे, पंधरा किलोमीटरहून लांब. गोदावरीने आणलेली वाळू लाटांनी उत्तरेकडे वाहत नेली आणि गेल्या दोनेक शतकांत ही जीभ घडली. तिच्या आतल्या बाजूला काकीनाड्याचा उपसागर तयार झाला: उथळ, शांत, गाळाने भरलेला. हा आडोसा नसता तर कोरिंगाचं जंगल आजच्यासारखं नसतं, कारण खारफुटीच्या रोपाला लाटा मुळीच सोसत नाहीत. होप आयलंडच्या समुद्राकडच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पण त्यांचा हंगाम जानेवारी ते मार्च-एप्रिल. डिसेंबरात कासव दिसेल असं मुलांना कबूल करू नका. या किनाऱ्यावर वादळांचा इतिहासही मोठा आहे. 1789 आणि 1839 च्या वादळांनी कोरिंगा हे एके काळचं गजबजलेलं बंदर बुडवलं. नोव्हेंबर 1996 च्या चक्रीवादळाने याच गोदावरी-काकीनाडा पट्ट्यात हजाराहून जास्त माणसं मारली.

उपसागराच्या तळाच्या गाळात शिंपल्यांची वस्ती आहे. त्यातला एक रक्तशिंपला: उघडला की आतलं मांस लालभडक, कारण त्याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू कमी असलेल्या गाळात राहणाऱ्याला ते कामाला येतं. दुसरा तो पातळ, चपटा, अर्धपारदर्शक शिंपला, जो गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी लावलेला दिसतो. बाकी उपसागर होडीतूनच ओलांडायचा आहे, त्यावर फार वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यावर. लांबून तिथे काहीच दिसत नाही. राखाडी, चकचकीत, उजाड चिखल. जंगल म्हणजे झाडं असं शिकलेल्या मुलांना तो रिकामा वाटतो, आणि दुर्दैवाने बंदरं, रस्ते आखणाऱ्यांनाही तो रिकामाच वाटत आलेला आहे. माझ्या मते या सगळ्या खाडीतला सगळ्यात श्रीमंत अधिवास हाच. चोल्लंगीजवळ वनखात्याने जंगलातून लाकडी पायवाट बांधलेली आहे. ओहोटीच्या वेळी तिच्या कठड्याशी चार-चार जणांना बसवा, समोरच्या चौरस मीटरभर चिखलाकडे बघत अर्धा तास गप्प राहायला सांगा. पहिली पाच मिनिटं काही होणार नाही, कारण तुमच्या पावलांच्या हादऱ्याने सगळे बिळात गेलेले असतात. मग एकेका भोकातून डोळे वर येतील. यातल्या फिडलर जातीच्या नर खेकड्याची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते. ती तो वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलावायला आणि शेजाऱ्याला बजावायला. दुसऱ्या छोट्या नांगीने चिखलाचा घास तोंडात, आणि नको असलेल्या मातीची गोळी बाहेर. बिळाभोवती बारीक गोळ्यांची नक्षी दिसते ती ह्याची. तो खातो काय, तर चिखलाच्या पृष्ठभागावरची तपकिरी, सायीसारखी पातळ झिलई. ती शेवाळातल्या सूक्ष्म पेशींची असते, आणि खाडीतल्या अन्नाचा मोठा वाटा तीच बनवते.

निवट्या तर तुम्हाला हमखास दिसतील. मासाच, पण चिखलावर पंखांनी सरपटतो, उड्या मारतो, बिळाच्या हद्दीवरून भांडतो. ओलसर कातडीतून तो हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून मधूनमधून डबक्यात लोळून अंग ओलं करतो. कोकणात लोक तो चवीने खातात. मग एखादी लांबट, शंकूसारखी गोगलगाय सावकाश रेघ ओढत जाताना दिसेल. आणि शेजारच्या तिवराखाली एखादा खेकडा पडलेलं पिवळं पान नांगीत धरून बिळाकडे ओढून नेत असेल. ते दृश्य मुलांना नीट बघू द्या. खेकडा नसता तर हे पान पुढच्या भरतीबरोबर वाहून गेलं असतं. आता ते जमिनीखाली जाईल, कुजेल, जिवाणू त्यावर वाढतील आणि त्यातून गाळातले किडे-गांडुळं पोसली जातील. त्या बिळातून हवा आणि पाणीही खाली उतरतं. एक काठी अर्धा फूट चिखलात खुपसून बाहेर काढली तर खालचा चिखल काळाकुट्ट आणि कुजलेल्या अंड्याच्या वासाचा निघतो: तिथे प्राणवायू नाही, आणि तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. पण खेकड्याच्या बिळाच्या कडेला गाळ तपकिरी असतो, कारण तिथे हवा पोचलेली असते. हा रंगाचा फरक दाखवायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

पक्षी या चिखलामुळेच येतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले किनारी पक्षी इथे हजारोंनी उतरतात. वाकड्या लांब चोचीचे कर्ल्यू खोल बिळातून खेकडे ओढतात, छोटे टिलवे वरच्यावर टिपत पळतात. चोचीच्या लांबीप्रमाणे चिखलाच्या थराची वाटणी झालेली दिसते. टिलवे तुमच्या मुलांनी नागपुरातल्या तलावांच्या काठी पाहिलेले असतील. काकीनाड्याजवळच्या पट्ट्यांवर पाणचिरा दिसला तर भाग्य समजा. त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते आणि ती पाण्यात बुडवून, पाणी चिरत तो उडतो. जगभरात तो आता थोडाच उरला आहे.

चिखल थोडा वर उचलला गेला की झाडं सुरू होतात. कोरिंगात सगळ्यात जास्त तिवर आहे, त्याला तेलुगूत मडा म्हणतात. त्याच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी टोकं निघालेली दिसतील. ती मुळंच आहेत, ओहोटीच्या काळात हवा घेण्यासाठी वर आलेली. त्यावर पाय देऊ नये, एवढं आधीच सांगून ठेवा. पानाच्या पाठीमागे जीभ लावली तर खारट लागतं, आणि कोरड्या दुपारी मिठाचे कण चमकताना डोळ्यांनीही दिसतात. हे झाड शोषलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. तिथेच एखाद्या ओघळाच्या, म्हणजे भरतीचं पाणी ये-जा करणाऱ्या अरुंद नाल्याच्या, काठी उंच, कमानदार आधारमुळांचं कांदळ उभं असेल. त्याची तऱ्हा उलटी: बहुतेक मीठ ते मुळाशीच गाळून बाहेर ठेवतं. दोन झाडं शेजारी, पाणी एकच आणि उपाय दोन. प्रात्यक्षिकाच्या वहीत याहून चांगलं पान मिळणार नाही.

तिवराची फळं पावसाळ्यात गळतात, म्हणजे पाणी सगळ्यात गोडं असताना. कोंब त्यांच्या आत आधीच फुटलेला असतो. काही दिवस तरंगून ती कुठल्या तरी ताज्या गाळावर टेकतात आणि मीठ वाढायच्या आत मूळ धरतात. वरची धरणं पूर अडवतात तेव्हा नुसतं पाणी कमी होत नाही. रोप रुजण्याची ही मोजकी आठवड्यांची संधी आखडते. आणि पाण्याबरोबर येणारा गाळही धरणांत बसतो. गोदावरीचा समुद्राला मिळणारा गाळ गेल्या काही दशकांत खूप घटला आहे, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा बऱ्याच ठिकाणी मागे सरतो आहे. अभयारण्याची हद्द कागदावर 235 चौरस किलोमीटरच राहील, पण पायाखालची जमीन गाळाने बनते, आणि तो गाळ सिरोंच्याच्या वरून यावा लागतो.

ओघळापासून आत गेलात की तिल्ला नावाचं झाड लागेल. याला लाल-पिवळी होणारी पानं असतात, आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा तात्पुरता जाऊ शकतो, कातडीवर फोड येतात. त्या झाडाला कोणीही हात लावायचा नाही. नमुना गोळा करायचाच असेल तर परवानगी लागते, आणि तीही याची नको.

आता तो उजाड भागाचा दाखला. जंगलाच्या आतल्या बाजूला काही ठिकाणी अचानक मोकळे, भेगाळलेले तुकडे दिसतात. कडेला मोरस, म्हणजे मांसल पानांचं खारट झुडूप, आणि मधे काहीच नाही. उन्हात मिठाचा पांढरा थर. खारफुटीच्या जंगलात असं टक्कल का पडतं? पूर्व किनाऱ्यावर पूर्वी जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, पाडून सरसकट तोड व्हायची. झाडं गेली की जमीन उघडी पडते, तापते, खचते, आणि मधे बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. उधाणाचं पाणी त्यात येतं पण बाहेर पडत नाही. ऊन ते आटवतं, मीठ मागे राहतं, पुढचं उधाण आणखी मीठ आणतं. काही वर्षांत तिथलं मीठ समुद्रापेक्षा कितीतरी जास्त होतं आणि तिवराचं बीही जळून जातं. काटोल-नरखेडच्या कोणत्याही संत्रा बागायतदाराला हे पटकन कळेल: झाडाला पाणी देणं वेगळं आणि बुडाशी पाणी तुंबू देणं वेगळं.

अशा जागी कित्येकदा नुसती रोपं लावली जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात काड्या उरतात. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने आंध्र वनखात्याला आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन वेगळं केलं. आधी पाणी सोडवलं. जवळच्या नैसर्गिक ओघळापासून उजाड भागात एक मुख्य चर खणायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके उपचर काढायचे. वरून बघितलं तर माशाच्या काट्यासारखी आकृती दिसते. भरतीचं पाणी चरांतून आत येतं आणि ओहोटीला परत जातं, जाताना मीठ धुऊन नेतं. रोपं चराच्या उतारावर मध्यावर लावायची: फार खाली लावली तर बुडतात, काठावर लावली तर सुकतात. पुन्हा तोच वीतभर उंचीचा मामला. जुनं चर आणि त्याच्या कडेने रांगेत उभी तिवरं दिसली तर ती लावलेली आहेत हे ओळखा. नैसर्गिक जंगल रांगेत उभं राहत नाही. कोरिंगाला जाऊन मी मुलांना एकच जागा दाखवू शकलो असतो, तर मी ही दाखवली असती.

चरांची डागडुजी मात्र करावी लागते. गाळ भरला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

प्राण्यांबद्दल फार आशा लावू नका. वाघ नाही, तेव्हा वाघाच्या गावच्या मुलांना सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. इथला मोठा शिकारी म्हणजे मासेमार मांजर. घरच्या मांजरीच्या दुप्पट अंगाचं, राखाडी, ठिपक्यांचं, रात्री ओघळाच्या काठी बसून मासे पकडणारं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दिवसा दिसणं कठीण, पण ओल्या गाळावर पंजा सापडतो. पाणमांजरं कळपाने फिरतात आणि त्यांची विष्ठा ओळखायला सोपी: माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे, वास उग्र. ती ठरावीक उंचवट्यांवरच सापडते, ते त्यांचं निरोप ठेवायचं ठिकाण. कोल्हेही आहेत, खेकडे खायला ओहोटीला उतरतात.

अभयारण्य 1978 मध्ये जाहीर झालं, आणि त्याने जंगलतोड बरीच थांबली हे मान्य करावं लागेल. पण हद्दीबाहेरचं पाणी हद्द बघून येत नाही. रस्त्याने जाताना दोन्हीकडे चौकोनी तळी दिसतील, मधे फिरती चक्रं पाणी ढवळत असतील. ही कोळंबीची शेती. नव्वदच्या दशकात ती इतकी बोकाळली की डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातल्या कोळंबी प्रकल्पांवर बंदीचा निकाल दिला. नंतर कायदा बदलून परवान्यांची व्यवस्था आली. मुलांना तळ्याच्या कडेला उभं करून विचारा: हे बांध घालायच्या आधी इथे पाणी कुठून कुठे जात असेल? बहुतेक ठिकाणी जुना ओघळ बांधाला अडलेला डोळ्यांनी दिसतो. त्याच वेळी हेही सांगा, की आजूबाजूच्या गावांतली मच्छीमार कुटुंबं याच ओघळांत खेकडे आणि कोळंबी धरून जगतात, आणि जंगल टिकावं याची गरज त्यांना आपल्यापेक्षा रोजची आहे. त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्या मच्छीमाराला मानधन देऊन अर्धा दिवस बरोबर घ्या. बिळावरून आत कोणता खेकडा आहे हे तो सांगेल; ते आमच्यासारख्यांनाही जमत नाही.

आता तारखा. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. काकीनाडा बंदराचं भरतीचं कोष्टक बघून दिवस ठरवा. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण मोठं असतं, ओहोटीही खोल जाते आणि चिखलपट्टा सगळ्यात जास्त उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, आणि निम्मं काम वाया जातं. पायवाटेवरचं निरीक्षण ओहोटीला, होडी भरतीला. होप आयलंडकडे जाणाऱ्या होड्या पाणी आणि हवा बघून सुटतात, तेव्हा त्यासाठी एक दिवस हाताशी राखून ठेवा.

पायवाट आणि होडी सोडून चिखलात उतरायचं असेल, दोरी टाकून दर पाच मीटरला बिळं मोजायची असतील, तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा. अर्ज महिनाभर आधी करा. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट नकोत, ते गाळात अडकून राहतात. घट्ट बसणारे जुने कॅन्व्हासचे बूट बरे, कालवांच्या धारदार कवचांनी पाय कापत नाहीत. गाडी सामलकोटला उतरवते, तिथून काकीनाडा जवळच. पायवाट काकीनाड्याहून यानमच्या रस्त्यावर आहे. रिफ्रॅक्टोमीटर रोज सकाळी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घ्या, आणि प्रत्येक नोंदीसमोर घड्याळातली वेळ आणि भरती होती की ओहोटी, हे लिहायला लावा. त्याशिवाय खाडीतला कुठलाच आकडा पुढे वापरता येत नाही.